वडील की बाप?

आठ मिनिटांच्या प्रसंगाचे मराठी सबटायटल करायला मला सहसा दोन-अडीच तास पुरतात. ‘डाउट’ या इंग्रजी चित्रपटातल्या, अभिनेत्री व्हायोला डेव्हिसच्या प्रसंगाला अख्खा दिवस गेला, आणि तोही एका वाक्यापायी.

काम अभिनयाच्या एका कार्यशाळेचं होतं. १९६४ सालचं न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स. डेव्हिस झाली आहे मिसेस मिलर. तिचा मुलगा म्हणजे तिथल्या कॅथलिक शाळेतला पहिला काळा विद्यार्थी. फादरचं त्याच्याशी वागणं मुख्याध्यापिकेला, म्हणजे मेरिल स्ट्रीपच्या सिस्टरला, संशयास्पद वाटतं. ती आईला बोलावून घेते. आई हादरते, तरी एवढंच मागते की जूनपर्यंत निभावू द्या, इथून पास झाला की पुढे चांगल्या शाळेत जाईल. बोलता बोलता घरातलं बाहेर येतं. मुलाला घरी मार बसतो, वडिलांकडून.

इंग्रजी क्रियापदात आदर-अनादर काही कळत नाही. मराठीत ठरवावंच लागतं. मी पटकन लिहिलं, ‘त्याचा बाप त्याला मारतो.’ अक्षरं कमी, वेळेत चपखल. पण चित्रावर चढवून पाहिलं तर ते तिच्या तोंडी बसेना.

मग आवाज बंद केला आणि नुसती तिच्याकडे बघत बसले. डोक्यावर हॅट, अंगात नीटनेटका कोट. डोळे वाहतायत, नाक वाहून ओठांपर्यंत आलंय, आणि पाठ ताठ. कामावर जायचंय तिला. ही बाई नवऱ्याची उणीदुणी काढायला आलेली नाही, मुलाची शाळा वाचवायला आली आहे. परक्या बाईसमोर ती ‘बाप’ म्हणणार नाही. मी बदललं: ‘त्याचे वडील त्याला मारतात.’ आदर आणि मार एकाच वाक्यात आले, आणि माझ्या अंगावर काटा आला.

एवढ्याशा कामावर व्हायोला डेव्हिसला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. त्याआधी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या कलाशाळेतलं शिक्षण, नाटकासाठी २००१चा टोनी पुरस्कार आणि चित्रपटांत कितीतरी बारक्या भूमिका. पुढे ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ या टीव्ही मालिकेत नायिका झाली तेव्हा आरशासमोर विग आणि मेकअप उतरवण्याचा प्रसंग तिनेच आग्रहाने मागून घेतला. त्याच मालिकेसाठी २०१५ साली, नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली काळी स्त्री ठरली. ‘फेन्सेस’ या चित्रपटाने ऑस्कर दिलं. आत्मचरित्र तिने स्वतःच्या आवाजात वाचलं, त्याला २०२३ साली ग्रॅमी हा ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. त्यात अमेरिकेतल्या सेंट्रल फॉल्स या छोट्या शहरातलं गरिबीचं बालपण आहे, आणि दारू पिऊन आईला मारणारे वडीलही. ते मी नंतर ऐकलं. मिसेस मिलरची ती ताठ पाठ तेव्हा पुन्हा डोळ्यांसमोर आली.

संध्याकाळी तपासणाऱ्या ताईंचा फोन आला. ‘‘मारतो कर गं, जोर येतो.’’ मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि आवाज बंद करून तो तुकडा लावला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

‘‘मारतातच राहू दे,’’ त्या म्हणाल्या.