राज्याला गोत्र नसते

२०२५ च्या जूनमध्ये आणीबाणीला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने राज्यघटनेच्या उद्देशिकेतील 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द काढावेत की ठेवावेत, या वादाने पुन्हा उचल खाल्ली. हे शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, हे खरे. त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या, हेही खरे. संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय निघाला की आवाज चढतात. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द राहावा असेच माझे मत आहे. परंतु सगळा वाद त्या एका शब्दाभोवती फिरत राहिल्यामुळे मूळचा प्रश्न बाजूला पडतो, असे मला वाटते. तो प्रश्न असा की, राज्याच्या वतीने देवापुढे यजमान म्हणून कोणी बसावे का?

पूजेला बसणाऱ्या यजमानाकडून गुरुजी आधी संकल्प करवून घेतात. तो हातात पाणी घेऊन स्वतःचे गोत्र आणि नाव उच्चारतो, ही पूजा कोणासाठी आणि कोणत्या हेतूने करतो आहे हे सांगतो आणि मग ते पाणी ताम्हनात सोडतो. घरच्या पूजेत यात अडचण येत नाही, कारण घराला कूळ असते आणि कुळाला दैवत असते. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री पदाच्या अधिकाराने यजमान होतात, तेव्हा ते कोणाच्या वतीने पाणी सोडतात? राज्याला गोत्र नसते. या राज्यात अंबाबाईचे भक्त आहेत, तसेच जैन, लिंगायत, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती आहेत, आणि कोणत्याच देवापुढे हात न जोडणारेही आहेत. त्यांना न विचारता त्यांच्या नावाने संकल्प सोडणे हा त्यांच्यावर अन्याय आहेच, पण श्रद्धेच्या दृष्टीनेही ते मला पटत नाही. मी नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभा राहणारा माणूस आहे, आणि म्हणूनच हे मला अधिक बोचते.

हा विचार परदेशातून आयात झाला, असे अनेक जण म्हणतात. त्यांनी पंचगंगेच्या घाटावरचा इतिहास आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कार्तिकस्नानाच्या वेळी, शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले. वेदोक्ताचा अधिकार क्षत्रियांना आहे आणि महाराज क्षत्रिय नाहीत, अशी ती भूमिका होती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी उभा केलेला प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्याच कोल्हापूरच्या गादीसमोर पुन्हा उभा राहिला. राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने करावेत, ही आज्ञा राजोपाध्यांनी मानली नाही. १९०२ मध्ये महाराजांनी त्यांचे वतन जप्त केले. त्यावर इंग्रज सरकारकडे अपिले झाली आणि पुण्याच्या वृत्तपत्रांतून मोठे रण माजले.

वेदोक्त प्रकरण आपण सामाजिक न्यायाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. मला त्यात राज्यव्यवस्थेविषयीचाही एक धडा दिसतो. त्या वादात राजा हिंदू होता, पुरोहित हिंदू होता आणि बहुसंख्य प्रजाही हिंदूच होती; दुसऱ्या कोणत्याही धर्माचा तिथे संबंध नव्हता. तरीही राजपदाची प्रतिष्ठा धर्मविधीवर अवलंबून असल्यामुळे, राजाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार विधी सांगणाऱ्याच्या हाती गेला. राज्याला धर्माचे अधिष्ठान असावे, असे कोणी म्हणतो तेव्हा मी एवढेच विचारतो की, त्या धर्माचा अर्थ कोणी लावायचा? वारकऱ्यांनी, शंकराचार्यांनी, लिंगायत मठांनी की गावच्या भगताने? अर्थ लावणारा एक कोणीतरी नेमावाच लागतो, आणि तो नेमला गेला की उरलेले सगळे आपल्याच धर्मात दुय्यम ठरतात. खुद्द महाराजांनाही यातून सहज सुटता आले नाही. १९२० साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले, म्हणजे एका धर्मपीठाची सत्ता मोडण्यासाठी राजाला दुसरे धर्मपीठ उभे करावे लागले. त्या काळात दुसरा मार्ग नसेल. तरी राज्याने धर्मात एकदा पाय टाकला की तो किती खोल जातो, हे त्यावरून दिसते.

त्याच महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली. दसरा चौकाच्या परिसरात आजही जैन बोर्डिंग आहे, १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग आहे. राज्याचे बळ तिथे मुलांच्या राहण्याजेवण्याला आणि शिक्षणाला मिळाले. धर्म आणि राज्य यांचा संबंध यावाच लागला तर तो अशा ठिकाणी यावा, असे मला मनापासून वाटते.

आता अंबाबाईच्या मंदिराकडे येऊ, कारण तिथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मंदिराचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. ही समिती शासन नेमते आणि तिच्याकडे तीन हजारांहून अधिक देवस्थाने आहेत. सरकारने देवळांतून बाहेर पडावे, ही मागणी आता मोठ्याने केली जाते आणि तिच्यात तथ्य आहे. समितीवरच्या नेमणुका राजकीय सोयीने होतात, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु २०१६ च्या एप्रिलमध्ये महिलांना गाभाऱ्यात जाता आले, ते १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतरच. २०१७ मध्ये देवीला साडीऐवजी घागरा-चोळी नेसवल्यावरून आंदोलन पेटले, तेव्हा ज्यांनी पगारी पुजारी नेमण्याची मागणी केली तेही भक्तच होते, आणि त्यांनी ती मागणी सरकारकडेच केली. २०१८ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी अंबाबाई मंदिराचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. दार सगळ्यांना उघडे असावे आणि दानपेटीचा हिशेब चोख असावा, यासाठी शासनाने मंदिरात जाणे मला मान्य आहे, आणि घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातही त्याला आधार आहे. देवीने काय नेसावे, हे मात्र मंत्रालयात ठरू नये. ही रेषा प्रत्यक्षात आखणे अवघड आहे. पण सरकारने देवळाबाहेर राहावे आणि त्याच वेळी सरकारप्रमुखाने देवळात यजमान म्हणून बसावे, या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करणाऱ्यांची विसंगती त्याहून मोठी आहे.

घटना लिहिणाऱ्यांपुढे हा विषय अगदी उघडपणे आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी सुरुवातीला 'ईश्वराच्या नावाने' असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. सभेतील बहुतेक सदस्य श्रद्धावान होते. अध्यक्षस्थानी असलेले राजेंद्रबाबू तर निष्ठावंत आस्तिक होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की, ईश्वराला मतदानाला घालण्याच्या संकोचात आम्हाला टाकू नका. पट्टम थाणू पिळ्ळै यांनी, अशा शब्दांमुळे श्रद्धेची सक्ती होईल, असा आक्षेप घेतला. कामतांनी दुरुस्ती मागे घेतली नाही, मतदान झाले आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. मला या घटनेत त्या सभेची उंची दिसते, कारण विरोधी मत देणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या दिवशी सकाळी घरी देवपूजा केली असेल, आणि तरीही आपला देव सर्वांच्या दस्तऐवजाच्या माथ्यावर बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी ओळखले. त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला शपथ घेण्याचे दोन मार्ग दिले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. माणसाला श्रद्धेची मोकळीक आहे, पदाला मात्र ती चिकटवलेली नाही.

यावर आमच्या फिरणाऱ्या मंडळींतील एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी अडवतात. "अहो, 'सत्यमेव जयते' हे मुंडकोपनिषदातले आहे, सर्वोच्च न्यायालयाचे बोधवाक्य 'यतो धर्मस्ततो जयः' आहे, लोकसभेत अध्यक्षांच्या आसनामागे 'धर्मचक्र प्रवर्तनाय' कोरले आहे आणि घटनेच्या मूळ हस्तलिखितात मूलभूत हक्कांच्या भागावर नंदलाल बोस यांच्या चित्रशाळेने राम-सीता-लक्ष्मण रेखाटले आहेत, मग तुम्ही कोणत्या निरपेक्षतेच्या गोष्टी करता?" त्यांचे सगळे दाखले खरे आहेत. मी तर त्यांत भर घालीन: घटनेच्या २९०-अ अनुच्छेदानुसार केरळ राज्याच्या निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यावेच लागतात, कारण त्या संस्थानाने पूर्वी देवळांच्या जमिनी ताब्यात घेतल्या होत्या. आपले राज्य धर्माला अस्पृश्य मानणारे कधीच नव्हते आणि ते तसे व्हावे, असे मलाही वाटत नाही.

तरीही त्या प्रतीकांकडे नीट पाहिले की फरक दिसतो. सारनाथचे सिंह बौद्ध परंपरेतून आले, पण त्यांच्यापुढे कोणालाही निरांजन ओवाळावे लागत नाही. तिरंग्यावरचे चक्र अशोकाचे आहे. २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला गेला तेव्हा रंगांचा अर्थ त्याग, सत्य आणि मातीशी नाते अशा शब्दांत सांगितला गेला, कोणता रंग कोणत्या समाजाचा ही वाटणी तिथे ठेवली नाही. त्याच हस्तलिखितात बुद्ध आहेत, महावीर आहेत, अकबर आहे, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. ही प्रतीके परंपरेतून घेतली आहेत, पण ती कोणाकडून उपासना मागत नाहीत. मुसलमान शिपाई राजमुद्रेची टोपी घालतो तेव्हा त्याला आपली श्रद्धा घरी ठेवून यावी लागत नाही. माझी कसोटी एवढीच आहे. २८ मे २०२३ रोजी नव्या संसदभवनात सेंगोल बसवला गेला. नंदीची आकृती असलेला राजदंड संसदेत असण्याने माझे काही बिघडत नाही, तमिळ परंपरेतील ती एक सुंदर वस्तू आहे. पण प्रजासत्ताकाच्या सभागृहात तो मठाधिपतींच्या हातून स्वीकारून, मंत्रघोषात आणि सरकारप्रमुखाने दंडवत घालून प्रतिष्ठापित होतो, तेव्हा वस्तू तीच राहून तिचा अर्थ बदलतो. सर्वधर्मप्रार्थना त्या दिवशी झाली, हे मी विसरलेलो नाही; पण मुख्य विधी एकाच परंपरेचा होता. ११ मे १९५१ रोजी सोमनाथला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद गेले तेव्हा नेहरूंनी त्यांना जाऊ नये असे सुचवले होते. नेहरूंचा आग्रह मला थोडा जास्तच वाटतो. परंतु त्या मंदिरासाठी पैसा सरकारी तिजोरीतून न घेता लोकांकडून गोळा करावा, ही गांधीजींची सूचना तेव्हा पाळली गेली होती. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या प्रतिष्ठापनेसाठी महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक सुट्टी दिली, तोवर आपण किती पुढे आलो होतो, हे त्यावरून कळावे.

दिल्लीचे हे प्रश्न गल्लीतही उतरतात. एका सरकारी कार्यालयात दरवर्षी सत्यनारायण होत असे आणि त्याची वर्गणी सगळ्या कर्मचाऱ्यांकडून घेतली जाई. तिथले एक मुसलमान सहकारी कधी काही न बोलता वर्गणी देत. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. पण नाही म्हणण्याची सोयही कोणी ठेवली नव्हती.

याच जिल्ह्यात कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसतो. कोल्हापुरातल्या तालमींनी मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले तेव्हा एकाच मांडवात पंजे आणि गणपती दोन्ही बसवले. यासाठी कोणताही शासननिर्णय निघाला नव्हता. आणि ७ जून २०२३ रोजी एका समाजमाध्यमी स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले, तेव्हा लोकांना पोलीस हवे होते ते कोणाच्याच बाजूचे नसलेले. खाकी वर्दीतल्या माणसाचा देव कोणता, हा प्रश्न अशा दिवशी कोणाच्या मनातही येऊ नये, यासाठीच त्याला नेमणाऱ्या राज्याने इतर दिवशीही यजमानपद टाळले पाहिजे.

माझे मन जिथे खरोखर अडखळते ते ठिकाण म्हणजे पंढरपूर. आषाढीला मुख्यमंत्र्यांच्या आणि कार्तिकीला उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी शासकीय महापूजा मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी शंका काढणे वारकऱ्यांचा अवमान वाटावा. पण त्या पूजेतच एक वेगळी वाट आहे. दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्याला मुख्यमंत्र्यांसोबत पूजेचा मान मिळतो, त्यांचा सत्कार होतो, त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास दिला जातो. तो मान पूर्णपणे त्यांचाच असावा. मुख्यमंत्र्यांनी वारीच्या वाटेवरचे पाणी, शौचालये, दवाखाने आणि चंद्रभागेची स्वच्छता पाहावी, आणि विठ्ठलाच्या दर्शनाची ओढ असेल तर इतरांसारखे रांगेतून यावे. याने मराठी माणसाच्या श्रद्धेला धक्का बसेल, असे आमच्या स्नेह्यांना वाटते; मला तसे वाटत नाही, आणि या एका मुद्द्यावर आमचे अजून जमलेले नाही.