लाह्या फुटाव्यात तसा स्नेअर

गेले काही दिवस जाझ ड्रमर रॉय हेन्सचा 'आउट ऑफ द आफ्टरनून' हा अल्बम सोडून दुसरं काही लावलंच नाहीये. १९६२ च्या मे महिन्यात न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, फक्त चार जण, आणि लीडर ड्रमर. ड्रमरचा अल्बम म्हटलं की लांबलचक ड्रम सोलो असणार असं मला आधी वाटायचं, पण हेन्स इथे लीडर आहे तो ऐकण्यामुळे. समोरचा काय वाजवतोय ते कान देऊन ऐकतो आणि बरोबर मोकळ्या जागेत उत्तर टाकतो.

'स्नॅप क्रॅकल' हे त्याचं टोपणनाव, आणि त्याच नावाची त्याची ट्यून यात आहे. हेडफोन लावून फक्त स्नेअरकडे, म्हणजे त्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमकडे, लक्ष द्या, कढईत लाह्या फुटाव्यात तसा कोरडा ताडताड आवाज, एक इथे, दोन तिथे, मग एकदम चूप. दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) मिटलाच पाहिजे असा नियम तो पाळत नाही, तरी ठेका कुठे म्हणून हलत नाही, हे कसं जमतं ते मी अजून शोधतोय!

आणि रोलंड कर्क. लहानपणापासून अंध, एका वेळी दोन-तीन सॅक्सोफोन तोंडात धरून वाजवणारा माणूस, शिवाय यात त्याची नाकाने वाजवलेली बासरीपण आहे. असा वादळी माणूस शेजारी असताना दुसरा ड्रमर एकतर दबला असता नाहीतर आवाज चढवून भांडला असता. हेन्स त्याला नुसता रस्ता मोकळा करून देतो आणि मागून हळूच ढकलतो. टॉमी फ्लॅनगनचा पियानो त्यात इतका शांत की सुरुवातीला लक्षच जात नाही, मग तिसऱ्या-चौथ्या वेळी फक्त तोच ऐकू येतो.

बेसवर, म्हणजे उभ्या मोठ्या व्हायोलिनसारख्या डबल बेसवर, हेन्री ग्राइम्स. पुढे हा माणूस संगीतातून पार गायब झाला, गेला असंच लोक धरून चालले होते, आणि २००२ मध्ये लॉस एंजेलिसला सापडला, तेव्हा त्याच्याकडे बेससुद्धा नव्हता. मग परत वाजवायला लागला. हे कळल्यापासून तो गज फिरवतो तिथे मी हातातलं काम थांबवतो.

हेन्स २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, ९९ वर्षांचा होऊन. हा अल्बम अजून ऐकला नसेल तर त्यातल्या 'मून रे'पासून सुरू करा, आणि पहिल्यांदा ऐकताना कान फक्त सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या झांजांवर ठेवा.