165 वरून 195: माझ्या स्विफ्टला रुंद टायर बसवताना

माझ्याकडे पहिल्या पिढीची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. 1.3 पेट्रोल, 87 हॉर्सपॉवर, पासिंग एमएच-20, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्यात रेसिंगचा ट्रॅक नाही, त्यामुळे जमेल तेव्हा गाडी काढून थेट कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे गाठायचा, हा माझा उद्योग. घरचे त्याला नसता उद्योग म्हणतात, ते सोडा. कंपनीचे टायर 165/80 आर 14, म्हणजे 165 मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची. बीड रोडच्या खड्ड्यांना ते एकदम झकास, पण ट्रॅकवर वळणात त्यांची उंच भिंत इतकी लवते की स्टिअरिंग वळवलं तरी गाडी आधी विचार करते आणि मग वळते.

म्हणून 15 इंची अलॉय आणि 195/55 आर 15 टायर घ्यायचं ठरवलं. "205 टाका भैया, भारी दिसायलंय," असा सल्ला सगळीकडून मिळाला. 87 घोड्यांच्या गाडीला 205 म्हणजे नुसतं ओझं, असं माझं मत आधीही होतं आणि आजही आहे.

दुकानात जाण्याआधी मी हिशेब केला आणि खरं काम तिथेच झालं. 165/80 आर 14 चा व्यास भरतो 619.6 मिमी, 195/55 आर 15 चा 595.5 मिमी. म्हणजे चाक जवळपास 4 टक्के लहान. मीटर 100 दाखवेल तेव्हा जुन्या हिशेबाने 96 च धरायचे आणि ओडोमीटर थोडा पुढे पळणार. ट्रॅकवर उलट फायदाच, सगळे गिअर थोडे आखूड होतात आणि वळणातून बाहेर पडताना गाडी चटकन उचलते. ज्याला मीटर बरोबर हवं त्याने 195/60 आर 15 घ्यावं, व्यास 615 मिमी येतो. लोड इंडेक्सही बघितला. जुन्या टायरवर 85, नव्यावरही 85, म्हणजे एका टायरवर 515 किलो. तिथे काही अडचण नव्हती.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीची मधली रेघ हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाच्या) तोंडापासून किती मिमी आत आहे, तो हा आकडा. माझ्या जुन्या रिमवर आतल्या बाजूने 14x5जे (14 इंची, 5 इंच रुंद) आणि ऑफसेट 45 असं कोरलेलं आहे. मी पसंत केलेलं रिम होतं 15x6.5जे, ऑफसेट 38. म्हणजे मधली रेघ 7 मिमी बाहेर सरकली. टायर 30 मिमी रुंद, दोन्हीकडे 15-15 वाढणार. त्यातले 7 इकडचे तिकडे केले की आत 8 आणि बाहेर 22. रुंद रिमवर टायरचं पोट आणखी एक-दोन मिमी फुगतं, तेही धरायचं. आत स्ट्रट, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा खांब आहे, बाहेर मडगार्डची कड. या दोन आकड्यांच्या पलीकडे सगळी हौस आहे.

पहिल्या दुकानात मला 15x7जे, ऑफसेट 25 चं रिम दाखवलं. "बसतंय, सगळ्यांना हेच बसवतो आपण." तिथेच मोबाइलवर आकडेमोड केली तर रिमची बाहेरची कड 45 मिमी बाहेर येत होती. साडेचार सेंटिमीटर! मडगार्डबाहेर कान काढलेली गाडी मला नको होती, म्हणून तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणच्या काकांनी पैसे घेण्याआधी एका रिमवर टायर चढवून पुढे आणि मागे लावून बघायची मुभा दिली. अशी मुभा देणारा दुकानदार पाचशे रुपये जास्त घेत असला तरी त्याच्याकडूनच घ्या.

पीसीडी 4x100, म्हणजे 100 मिमीच्या वर्तुळावर नटांची चार भोकं, असल्याने ती जुळली. जुळत नव्हतं ते मधलं भोक. स्विफ्टच्या हबला 54.1 मिमी लागतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना ते 73.1 ठेवलेलं असतं, म्हणजे कुठल्याही गाडीला लावता येतं. मधल्या फटीत रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर केंद्रात बसतं. जरा इकडेतिकडे झालं की 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि मग माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. दुकानात प्लास्टिकच्या रिंगा मिळत होत्या, पण ट्रॅकवर ब्रेक जे तापतात त्यात त्या टिकतील यावर माझा विश्वास नव्हता. ज्या शहरात वाळूजला बजाज आणि शेंद्र्याला स्कोडा आहे, तिथे लेथवाला शोधत फिरावं लागत नाही. चिकलठाणा एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एका मामांकडे हब आणि रिम दोन्ही नेले. त्यांनी माझे आकडे ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. स्वतः व्हर्नियर लावून दोन्ही मापं घेतली, मग ॲल्युमिनियमच्या दांड्यातून चार रिंगा काढल्या. शेवटचा कट घेताना दर वेळी मशीन थांबवून रिंग हबवर बसवून बघत होते. चौथी रिंग हातानेच गेली, पण अर्ध्यावर हलकासा 'चक' आवाज देऊन बसली, तेव्हा म्हणाले, "आता हिला ग्रीस लाव हां, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात निघायची नाही." हबवर कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवला, आजतागायत चिकटलेल्या नाहीत.

नटांचंही तसंच. अलॉयची भोकं अरुंद, जुने नट आत जाईनात. 12x1.25 (12 मिमीचे, दर आट्याला 1.25 मिमी) आट्यांचे, शंकूच्या बुडाचे बारीक नट आणले. हाताने किमान नऊ-दहा आटे बसले पाहिजेत, म्हणजे साधारण 12 मिमी पकड, तेवढे मोजूनच पुढे गेलो. नंतर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), 85 न्यूटन मीटर, समोरासमोरचे नट आलटून पालटून. एअर गनने कडकडाट करून नट आवळणाऱ्याला मी आता गाडीजवळ फिरकू देत नाही.

पुढचं चाक एवढ्यावर बसलं. स्ट्रट आणि टायरच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली. फुल लॉकला आतलं प्लास्टिक लायनर एका कोपऱ्यात घासत होतं. तिथली क्लिप थोडी वर सरकवली, मिटलं.

मागे खरी कसोटी होती. मागच्या सीटवर दोन दणकट मित्र बसवून स्पीड ब्रेकरवरून गाडी नेली तर 'खर्र' असा आवाज आला. उतरून बघितलं तर टायरच्या खांद्यावर बोटभर चकाकती रेघ. मडगार्डची आत वळलेली कड तिथे टेकत होती. ही कड आत दाबून घ्यायला रोलर येतो. चाक काढून तो हबलाच बोल्ट करतात आणि दांडा मागेपुढे फिरवत कड हळूहळू वर दुमडतात. आमच्या डेंटरने आधी हीट गनने रंग ऊबदार केला. मे महिना होता, पत्रा तसाही तव्यासारखा तापलेला, तरी त्याने हीट गन सोडली नाही. थंड पत्र्यावर रोलर फिरवला की रंगाला केसासारख्या चिरा जातात आणि पहिल्या पावसात तिथून गंज धरतो. एका बाजूला तासभर गेला. घाई केली असती तर बाहेरच्या पत्र्यावर लाट उठली असती. शेवटी दुमडलेल्या कडेवर सीलंटचा हात मारून घेतला.

पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्ट टाकून निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला कल, साधारण दीड अंश केला. चाकाचा वरचा भाग थोडा आत गेला, मडगार्डला जागा झाली आणि वळणात टायर सपाट टेकायला लागला. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतोच, म्हणून अलाइनमेंट त्यानंतर.

एक गंमत. अलॉय म्हणजे हलकं, हे सगळे गृहीत धरतात. मोंढ्यात भुसारवाल्या मित्राच्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवली तर नवं चाक जुन्यापेक्षा किलोभर जास्तच भरलं. मोठं रिम, जास्त रबर. स्वस्तातलं ओतीव अलॉय घेतलं की हे आलंच.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींमुळे कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे बदल रस्त्यावर गोत्यात आणू शकतात. वर विम्याच्या दाव्याची कटकट वेगळी. म्हणून रस्त्यावर गाडी जुन्याच 165 वर चालते. मागची सीट पाडली की चारही चाकं, जॅक आणि टॉर्क रेंच आत मावतात. सोलापूर, विजयपूर, हुबळी, बंगळुरू, सेलम असा लांब रस्ता मऊ टायरवर आरामात होतो आणि चाकं ट्रॅकवर पोचल्यावर बदलायची.

ट्रॅकवर टायरच्या खांद्यावर खडूने चार रेघा मारल्या, टायर गार असताना हवा 28 पीएसआय ठेवली. पहिल्या फेऱ्यांनंतर पुढच्या उजव्या टायरवरचा खडू कडेपासून बराच खाली पुसला गेलेला, म्हणजे टायर भिंतीवर लोळत होता. 30 केली, तेव्हा रेघ बरोबर खांद्याच्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसली. तापल्यावर तीच हवा 35 च्या आसपास जाते. स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते आता, आणि ब्रेक आधीपेक्षा उशिरा लावता येतो. इतका उशिरा, की दुसऱ्या सत्रानंतर पॅडचा जळका वास आला. नट गार झाल्यावर पुन्हा तपासले, एक पाव फेरी फिरला, बाकीचे जागेवर होते. पॅड आणि ब्रेक ऑइल हे पुढचं काम, आणि त्याचा हिशेब घरी अजून सांगितलेला नाही.