तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघून नाव का सांगत नाही?

कोस्टारिका फिरून आलेली मंडळी लॉजच्या दिव्याखाली टिपलेला पतंग पाठवतात आणि विचारतात, "आपल्या ॲटलास पतंगाचाच भाऊ ना?" चुलत भाऊ म्हणा हवं तर. 'रॉथशिल्डिया' एवढं कुळीचं नाव (प्रजाती) सांगतो, नेमकी जात विचारली की गप्प. मग मी भाव खातो असं होतं.

"पंखांवरच्या पारदर्शक खिडक्या बघा" हे मीच पूर्वी लिहिलंय. ते चूक नव्हतं: रॉथशिल्डियाच्या दोन जातींपैकी एरिसिनाची खिडकी अरुंद, लेबोची मोठी, तिकोनी. पण त्याच दमात "रंगही बघा" लिहिलं, ते मागे घेतो. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९८४ साली कोस्टारिकाच्या ग्वानाकास्ते भागातल्या लेबोबद्दल दाखवलं की रंगातला फरक कोशाने कुठलं हवामान काढलं त्यावर ठरतो. विटकरी आणि चॉकलेटी, जात एकच.

तिथलाच दुसरा पतंग, ऑटोमेरिस, असेल तर मिटल्या पंखांचा फोटो निरुपयोगी. वरून वाळकं पान, ओळख मागच्या पंखावरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यात. गवताच्या काडीने हलकेच डिवचा, पंख उघडेल. हायलेसिया नावाच्या पतंगाला मात्र हात लावू नका; मादीच्या पोटावरचे केस अंगाला लागले की खाज सुटते.

नुसत्या पंखांवरून निभावलं नाही की पोटाचं टोक, म्हणजे तिथले जननअवयव, बघावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. सुक्या नमुन्याचं पोट खालून वर हलकेच दाबलं की सुटून येतं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं; घाई असेल तर परीक्षानळी गरम पाण्यात धरून, दर पाच मिनिटांनी डोकावत. मऊ झालं की पाण्यात घेऊन बारीक ब्रशने खवले आणि चरबी काढायची. कमी भिजलं तर स्नायू सुटत नाहीत, चिमट्याने ओढताना नराचे कडेचे पकडणारे भाग मोडतात. जास्त राहिलं तर पातळ पडदे इतके नितळ होतात की कडाच सापडत नाही. मग क्लोराझोल ब्लॅक या रंगाचा थेंब थोडंफार सावरतो. नमुना एकच असेल तर तेवढ्यावर भागवायचं. मोडण्यापेक्षाही वाईट म्हणजे चिठ्ठ्या. चार बश्या शेजारी मांडल्या, "क्रमांक नंतर लिहू" म्हटलं, की कुठलं पोट कुठल्या पंखांचं हे देवालाही सांगता येत नाही. क्रमांक आधी, टाचणीवर आणि बशीत, दोन्हीकडे. काम झालं की अवयव ग्लिसरीनच्या इवल्या नळीत, नळी त्याच टाचणीला.

"मग डीएनए करा ना!" करतात की. एक सुका पाय पुरतो, तो पोटाला हात लावण्याआधी काढायचा. वाचतात डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा. ग्वानाकास्तेत कोरडं आणि पावसाळी जंगल शेजारीशेजारी आहे. तिथे एकाच नावाखालच्या काही पतंगांचे या तुकड्यावरून वेगवेगळे गट पडले. पण हा तुकडा फक्त आईकडून येतो, संकर झाला असेल तर फसवतो. शिवाय जुनं नाव कुठल्या गटाला द्यायचं, त्यासाठी ज्यावरून ते नाव दिलं तो मूळ नमुना शोधावा लागतो. नुसत्या या तुकड्यावर दिलेली काही नवी नावं मला पटत नाहीत. न पटण्याला माझ्याकडे तरी काय पुरावा आहे, तेही विचारा.

तोवर फोटोत मोजपट्टी ठेवा, पंखांची खालची बाजू आणि मिशा घ्या (पिसासारख्या रुंद असल्या तर नर), ठिकाण, उंची, तारीख लिहा. खाली मी 'रॉथशिल्डिया, बहुधा लेबो' लिहीन. पुढे पाठवताना 'बहुधा' गाळू नका.