मधली वीस मिनिटं

मिश्र मैफलीच्या जाहिरातीत आधी ख्याल, मग जॅझ, शेवटी रॉक असं एका ओळीत गुण्यागोविंदानं छापलेलं असतं. दोन नावांमध्ये एक स्वल्पविराम. रंगमंचावर हा स्वल्पविराम निदान वीस मिनिटांचा असतो आणि सगळी गंमत तिथेच आहे.

दुपारच्या साउंड चेकला जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या फुल्या दिसतात. एक रंग एका चमूचा. माइक कुठे, मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर) कुठे, बैठक कुठे. ड्रमला सात-आठ माइक, तबल्याला दोन, तंबोऱ्याला एक. शहाणे लोक प्रत्येक चमूच्या वायरी आधीच मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनेलवर जोडून ठेवतात आणि मध्ये फक्त म्यूट उघडतात-मिटतात. आयत्या वेळी चालू चॅनेलची वायर उपसली, की स्पीकरमधून असा धडाका होतो की पहिल्या रांगेची झोप उडते.

ड्रमचे माइक मिटले म्हणजे भागलं असं नाही. कोपऱ्यातला स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला चपटा ढोल, कुणी न वाजवता वाजतो. त्याच्या पोटाखाली ताणलेल्या बारीक तारा असतात. डग्ग्याची गमक घुमली की त्या खुळखुळतात. विलंबित लयीत डाळीच्या डब्यासारखा आवाज कुठून येतोय म्हणून तबलजी स्वतःच्या डग्ग्याकडे संशयानं बघत बसतो. उपाय दोन सेकंदांचा: स्नेअरच्या कडेचा खटका खाली करायचा, तारा सुटतात. तो कुणीच करत नाही, कारण ड्रमवाला तेव्हा चहा पीत असतो.

तंबोऱ्याचं दुखणं वेगळं. आवाज नाजूक, म्हणून गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती उचलायचा ते) चढवावा लागतो. चढवला की मॉनिटर शिट्टी मारतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी आवाज चढवायला मिळणारी जागा ३ डेसिबलनं कमी होते. त्यात कीबोर्डच्या अडॅप्टरमधून अर्थिंगची गुणगुण आली, तर संपलंच. ५० हर्ट्झच्या विजेची ही गुणगुण काळी एकच्या (पेटीवरची पहिली काळी पट्टी सा धरून) अतिमंद्र पंचमापेक्षा (साधारण ५२ हर्ट्झ) पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त खाली पडते. म्हणजे तिसरा तंबोरा, आणि तो बेसूर. डीआय बॉक्सवरचा (वाद्य मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंगचा दुवा तोडणारा खटका, दाबून बघावा. प्लगची अर्थिंगची पिन मोडायची अवदसा मात्र आठवू नये.

वाद्यं आतल्या खोलीत लावून आणणारेही हटकून फसतात. प्रखर दिव्यांखाली कातडं सुकतं आणि तबला चढतो. तार तापून सैलावते आणि तंबोरा उतरतो. दोघं विरुद्ध दिशांना निघालेले. दिवे लागल्यावर, जागेवर बसूनच लावायचं, दुसरा मार्ग नाही.

क्रम लावताना मोठा आवाज शेवटी, हे साधं वाटतं. १०० डेसिबलच्या आवाजात कानाला पंधरा मिनिटांपलीकडे बसवू नये, असा हिशोब आहे; त्यानंतर कान काही काळ मंदावतात आणि मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, शेपूट ऐकूच येत नाही. पण ख्याल आधी ठेवला, तर त्याच्या वाट्याला खुर्च्यांचे खटके आणि उशिरा येणाऱ्यांचे टॉर्च. १९६७ च्या अमेरिकेतल्या माँटेरे पॉप महोत्सवात सतारवादक रविशंकरांना रविवारची अख्खी दुपार एकट्याला दिली होती. रॉकवाल्यांचं गिटार फोडणं आणि जाळणं रात्री झालं. माझ्या मते मिश्र मैफल लावायची ती अशी, मध्ये चांगलं मोठं अंतर सोडून.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत, सतार आणि सरोद नुसते जुळवून झाल्यावरच, तेच वादन समजून, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना आपण अजून हसतो. पण दोन वाद्यं एका सुरात येतानाचा तो क्षण... आता वाटतं, टाळी अगदीच चुकीच्या जागी पडली नव्हती.

असो. तो स्नेअरचा खटका कुणी खाली केला का, ते आधी बघा.