बर्लिनमध्ये विर्चोच्या मागावर: बरण्या, पुतळा आणि गटारं

पॅथॉलॉजी, म्हणजे आजाराने शरीरात काय बदल होतात याचं शास्त्र, शिकलेल्या प्रत्येकाला एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरचं नाव दुसऱ्या वर्षीच भेटतं. विर्चोज ट्रायड (शिरेत रक्त गोठण्याची तीन कारणं), विर्चोज नोड (पोटातल्या कॅन्सरची खूण ठरणारी मानेतली गाठ) पाठ करायचं, परीक्षेत लिहायचं आणि पुढे जायचं. हाच माणूस १८५९ पासून १९०२ मध्ये मरेपर्यंत बर्लिनचा नगरसेवक होता आणि शहरातली भुयारी गटारं व्हावीत म्हणून भांडला, हे मात्र मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून बर्लिनला जाताना ठरवूनच गेले, की त्याने जमवलेल्या अवयवांच्या बरण्या बघायच्या आणि त्याची गटारंही.

प्रवासापासूनच सुरुवात करा. मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जाताना तासन्‌तास एका जागी बसावं लागतं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिचा तुकडा सुटून वाहत फुप्फुसात जाऊन अडकतो, हे विर्चोने १८४० च्या दशकात शवविच्छेदनं आणि कुत्र्यांवरचे प्रयोग करून दाखवलं. थ्रॉम्बोसिस (गुठळी होणं) आणि एम्बोलिझम (तिचा तुकडा अडकणं) हे शब्द त्यानेच रूढ केले. तेव्हा विमानात अधूनमधून उठा, फेरी मारा, पाणी पीत राहा.

बर्लिनच्या मुख्य स्टेशनाहून, म्हणजे हाउप्टबानहोफहून, शारिटे रुग्णालयाचा आवार पायीच गाठता येतो. प्लेगच्या भीतीने १७१० मध्ये गावाबाहेर उभारलेलं हे रुग्णालय आज शहराच्या मधोमध आहे. लाल विटांच्या जुन्या इमारती, मधून जाणाऱ्या रुग्णवाहिका, सायकलवरून घाईत निघालेले विद्यार्थी. याच आवारात वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं. इतर दिवसांच्या वेळा निघण्याआधी तपासून घ्या आणि हाताशी निवांत दोन-तीन तास ठेवा.

विर्चोने आपलं पॅथॉलॉजीचं संग्रहालय १८९९ मध्ये उघडलं, तेव्हा तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. संग्रहात तेवीस हजारांच्या आसपास नमुने होते. त्यातला काही भाग सामान्य माणसांसाठी खुला असावा हा त्याचा आग्रह होता. आजार शरीरात नेमकं काय करतो, हे ज्याला तो होतो त्याने डोळ्यांनी पाहावं, ही त्यामागची भूमिका. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत बहुतेक संग्रह गेला, जेमतेम दोन हजार नमुने वाचले. आजच्या दालनात त्यांच्यासोबत नंतर जमवलेले नमुनेही आहेत.

त्या दालनात घाई करू नका. काचेच्या कपाटांत अवयवानुसार बरण्या लावलेल्या आहेत. एका मूत्रपिंडापाशी मी बराच वेळ थांबले. उभा छेद घेतलेला, आतली पोकळी खड्यांनी गच्च भरलेली आणि भोवतीचा मांसल भाग कागदासारखा पातळ झालेला. असं मूत्रपिंड मी सूक्ष्मदर्शकाखाली, स्लाइडवर अनेकदा वाचलं आहे. पण अख्खा अवयव समोर असला की ते किती वर्षं दुखलं असेल, हे आधी मनात येतं. जन्मतः व्यंग असलेल्या अर्भकांचे नमुनेही इथे आहेत. लहान मुलांना नेऊ नये असं माझं मत आहे, आणि नुकतंच काही सोसलेल्या जोडप्यांनीही तो भाग टाळावा. नमुन्यांचे फोटो काढू नका. ती माणसं होती.

शेजारीच विर्चोच्या व्याख्यानगृहाचे अवशेष आहेत. बॉम्बने फुटलेल्या भिंती मुद्दाम तशाच, गिलाव्याशिवाय ठेवल्या आहेत आणि आता तिथे कार्यक्रम होतात. कार्यक्रम असेल तर आत जाता येत नाही, म्हणून पोचताच चौकशी करा.

इथल्या कामाचं मूळ मात्र वुर्झबुर्ग शहरातल्या त्याच्या सात वर्षांत आहे. 'प्रत्येक पेशी पेशीपासूनच' हे सूत्र त्याने १८५५ मध्ये तिथूनच मांडलं. १८५८ च्या 'सेल्युलरपाथोलोगी' या व्याख्यानसंग्रहाने आजाराचा पत्ता रक्त-पित्तादी द्रवांतून काढून पेशीत नेला. याच बर्लिनमधल्या रोबर्ट रेमाकने पेशी विभाजनातूनच होतात हे त्याच्याआधी दाखवलं होतं आणि रेमाकला त्याचं पुरेसं श्रेय मिळालं नाही, हेही विर्चोच्या चाहत्यांनी लक्षात ठेवायला हवं.

संग्रहालयातून निघालात की थोड्याच अंतरावर कार्लप्लाट्सला विर्चोचं स्मारक आहे. फ्रिट्झ क्लिम्शने केलेल्या या शिल्पात वर एक उघडा, बलदंड पुरुष एका श्वापदाशी झुंजतो आहे. विर्चो स्वतः फक्त खालच्या चौथऱ्यावर, छोट्या उठावचित्रात. नवखा माणूस त्याला न बघताच पुढे जातो, तेव्हा खाली बघा.

आता गटारांकडे. ऑस्टबानहोफ स्टेशनजवळ, श्प्रे नदीकाठी राडियालझिस्टेम नावाचं कलाकेंद्र आहे. एके काळी हे मैला पंप करणारं केंद्र होतं. जुन्या विटांच्या इमारतीला आता काचेची जोड दिली आहे. त्याआधी शहराची घाण रस्त्याकडेच्या उघड्या नाल्यांतून वाहायची. अभियंता जेम्स होब्रेख्टने शहराचे बारा भाग पाडले. प्रत्येक भागातलं सांडपाणी उताराने एका पंपगृहात यायचं आणि तिथून दाबाने शहराबाहेरच्या शेतांत जायचं. १८७३ मध्ये काम सुरू झालं. नगरपालिकेत या योजनेमागे विर्चो ठामपणे उभा होता. मला अख्ख्या बर्लिनमध्ये त्याचं सर्वांत खरं स्मारक हेच वाटलं. या पंपांनी किती जणांना टायफॉइडपासून वाचवलं, ते कुठल्याही बरणीत दिसणार नाही.

आजाराची मुळं समाजात शोधायची, ही दृष्टी त्याला आली १८४८ मध्ये. वरच्या सायलेशियातल्या (आजचा दक्षिण पोलंड) टायफसच्या, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, साथीची पाहणी करायला प्रशियन सरकारने सव्वीस वर्षांच्या विर्चोला पाठवलं. परतल्यावर त्याने औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, रस्ते, लोकशाही आणि तिथल्या पोलिश लोकांना त्यांच्या भाषेत कारभार, असा उपाय त्याने लिहून दिला. सरकारला तो रुचला नाही.

विर्चोची कबर बघायची असेल तर एस-बान या लोकल रेल्वेने यॉर्कश्ट्रासेला उतरा आणि शेजारच्या जुन्या सेंट मॅथ्यू दफनभूमीत जा. ग्रिम बंधूही तिथेच आहेत. जानेवारी १९०२ मध्ये लाइपझिगर श्ट्रासेवर चालत्या ट्राममधून उतरताना विर्चोच्या मांडीचं हाड मोडलं, ते दुखणं पुरतं बरं झालंच नाही आणि सप्टेंबरमध्ये तो गेला.

या सगळ्यासाठी एबी झोनचा, म्हणजे बर्लिन शहरापुरता, दिवसभराचा पास पुरतो. कागदी तिकीट असेल तर प्रवासाआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. एकच दिवस असेल तर संग्रहालय, स्मारक आणि पंपगृह या क्रमाने करा, कबर राहिली तरी चालेल. अर्धा दिवस जास्तीचा मिळाला तर वेडिंग या भागात, क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या संस्थेत जा. कॉखची समाधी तिथेच आहे आणि विर्चोच्या नावाचं मोठं रुग्णालयही जवळच आहे. क्षयाच्या बाबतीत विर्चोने कॉखच्या जंतूचं महत्त्व मनापासून मानलं नाही, आणि तिथे तो चुकला. दोघांच्या नावाच्या दोन संस्था आज हाकेच्या अंतरावर आहेत, त्या एकाच फेरीत बघून होतात.