उष्णता झालीय, सब्जा घे

उन्हाळा लागला की आमच्या घरात कुणाला ना कुणाला 'उष्णता होते'. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, आणि आजी निकाल देते, "उष्णता झालीय, सब्जा घे." अशा वेळी थर्मामीटर लावायचा नसतो. तो ९८.६ च्या आसपासच काहीतरी दाखवणार. थर्मामीटरला कळतो तो ताप. आजीची उष्णता वेगळी: आंब्या-पपईतून अंगात शिरणारी, साठून राहणारी, गुलकंदाने निघून जाणारी.

विज्ञान शिकलेली मंडळी यावर हसतात. पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिएसारख्या दिग्गजाने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली, तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या पंगतीला 'कॅलोरिक'चंही पान मांडलं होतं. कॅलोरिक म्हणजे उष्णतेचं द्रव्य. दिसत नाही, वजन नाही, गरम वस्तूतून गार वस्तूत वाहत जातं.

ताप आणि उष्णता एक नव्हेत, हे आजीचं म्हणणं तर विज्ञानालाही मान्य आहे, कारणं निराळी असली तरी. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात पाहिलं की वितळणारा बर्फ उष्णता घेत राहतो, पण थर्मामीटरचा पारा ढिम्म हलत नाही. पाठ्यपुस्तकातली 'अप्रकट उष्मा' ती हीच. मोदकपात्राचं झाकण घाईने उचलणाऱ्याला ती चांगलीच प्रकट होते. पाणीही शंभर अंशांवर, वाफही शंभर अंशांवर. पण एक ग्रॅम उकळतं पाणी कातडीइतकं निवेपर्यंत साठ-पासष्ट कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ मनगटावर नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी देऊन मोकळी होते, आणि वर ते साठ-पासष्ट आहेतच. मग फोड आला की खोबरेल शोधण्याआधी हात नळाखाली धरावा.

कॅलोरिकला धक्का दिला काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना त्या तापायच्या. त्याने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, नळी पाण्यात बुडवली आणि घोडे फिरवत ठेवले. अडीच तासांत, विस्तव नसताना, पाणी उकळलं. घोडे फिरतील तोवर उष्णता निघतच राहणार, मग ती साठवलेलं द्रव्य कशी? १७९८ साली त्याने हे मांडलं. तरीही कॅलोरिक पुढे कित्येक वर्षं तग धरून होतं.

भाषेतून तर ते अजून गेलेलं नाही. उष्णता 'वाहते', 'शोषली जाते', पदार्थाला 'विशिष्ट उष्माधारकता' असते. द्रव्य नाही म्हणायचं आणि भांडी मात्र त्याचीच वापरायची. बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरीही त्याच घराण्यातली. (तीही खरं तर किलोकॅलरी, म्हणजे हजारपट.) या हिशेबात आजीचंच बोलणं तेवढं अडाणी कसं ठरवायचं?

लॅव्हाझिएचा १७९४ साली गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पुढे त्याच्या विधवेशी लग्न केलं ते, कुणी सांगूनही खरं वाटू नये, या रमफर्डनेच. संसार काही टिकला नाही. एकदा बाईंनी बोलावलेल्या पाहुण्यांना त्याने फाटकाला कुलूप घालून बाहेरच ठेवलं, तर बाईंनी त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं.